‘लग्न झालेली नको’ : एका ब्यूरोवालीचं मनोगत

(पुण्यात झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, किरकोळ काटछाट करून.)



मला इथे बोलवायचं की नाही यावर तुमच्या बैठकीत बराच वाद झाला, हे निमंत्रण द्यायला आलेल्या ताईंनीच मला सांगितलं. ‘ती ठेकेदार आहे, तिला आपल्या शिबिरात कशाला?’ असं कुणीतरी म्हणालं म्हणे. जी म्हणाली तिचं काही चुकलं नाही. मी माणसं पुरवते. पाटीवर ‘प्लेसमेंट’ लिहिलं, बिलावर ‘मनुष्यबळ सेवा’ लिहिलं, तरी आपल्या भाषेत त्याला मुकादमीच म्हणतात. तेव्हा मुकादमीणच बोलतेय असं समजून ऐका.

सुरुवात १९९४ची. त्याआधी सात वर्षं मी एका कंपनीत स्टेनो होते. कॉम्प्युटर आले आणि आमचा टायपिंगचा अख्खा विभाग बंद झाला. आम्ही नऊजणी होतो, त्यातल्या आठ बायका. माझी एक मैत्रीण आणि मी अशा दोघींनी नारायण पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालची खोली घेतली. एक टेबल, तीन खुर्च्या आणि कर्ज काढून घेतलेला फोन. आम्ही दोघी तेव्हा एका अभ्यासगटात जात होतो. स्त्रीच्या हातात स्वतःचा पगार आला की निम्मी लढाई झाली, असं आम्हाला वाटायचं. म्हणजे धंदाही होईल आणि चळवळीचं कामही होईल. आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही ते मनापासून मानत होतो.

धंद्याची रीत थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. कंपनी सांगते, अमुक माणूस पाहिजे. आम्ही आमच्या रजिस्टरमधून चार-पाच जणी पाठवतो. एक निवडली की कंपनीकडून एक महिन्याच्या पगाराइतकी फी. ती तीन महिन्यांत सोडून गेली किंवा काढली तर दुसरी फुकट द्यायची. त्याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. पुढे ठेक्यावर माणसं द्यायची पद्धत वाढली, तसे पगारही आमच्या हातून व्हायला लागले. दर महिन्याच्या सात तारखेला मी पगार करायचा, कंपनी मला दीड-दोन महिन्यांनी पैसे देणार आणि त्या बिलात माझे म्हणून जे टक्के असतात ते दर वर्षी घासाघीस करून कमी करणार. मधले दोन महिने मी बँकेकडून उचल घेऊन चालवायचे. आणि हो, पहिली चार वर्षं आम्ही मुलींकडूनही पैसे घेत होतो. पहिल्या पगाराचा अर्धा. सगळेच घेत होते. ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

आता रजिस्टरबद्दल. त्यात नाव, पत्ता, शिक्षण, टायपिंगची स्पीड, अपेक्षित पगार असे रकाने होते. उजवीकडे समासात पेन्सिलीने आम्ही एक टिंब द्यायचो. टिंब म्हणजे लग्न झालेली. दोन टिंबं म्हणजे लहान मूल. छापील रकान्यात ‘विवाहित’ असं विचारायला आम्हाला लाज वाटत होती, म्हणून पेन्सिल. पण फोन यायचा तो असा : ‘मॅडम, रिसेप्शनसाठी पाहिजे, स्मार्ट, पंचविशीच्या आतली, अनमॅरिड.’ मग आमचं बोट समासावरून खाली फिरायचं. टिंब दिसलं की पुढे.

कायद्याने याला बंदी नव्हती का? १९७६च्या समान वेतन कायद्यात नुसतं वेतनाचं नव्हतं, भरती करताना बाई म्हणून भेदभाव करू नये हेही होतं. पण आमचे साहेब लोक बाई नको म्हणतच नव्हते. ते बाईच मागत होते, फक्त तिच्या आयुष्याचा एक तुकडा मागत होते. अठरा ते बावीस. लग्नाचा शब्द कायद्यात नव्हता. न्यायालयात मात्र हे प्रश्न गेलेले होते. गरोदर राहिली की हवाई सुंदरीची नोकरी संपली, हा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. आयुर्विमा महामंडळात नोकरीला लागणाऱ्या बाईकडून पाळीच्या तारखा, किती वेळा दिवस गेले, हे सगळं लिहून घेत होते. त्याविरुद्ध नीरा माथूर न्यायालयात गेल्या आणि १९९१ साली जिंकल्या. पण सरकारी महामंडळाच्या फॉर्मवर प्रश्न छापलेला असतो, तो न्यायालयाला दाखवता येतो. फोनवर सांगितलेली अट कुठे दाखवणार? आणि माझ्या समासातलं टिंब तर खोडरबराने जात होतं. कारखानदाराला तोंडी अट घालता यावी आणि त्याचा कागद कुठे उरू नये, यासाठीच तर मधे माझ्यासारखी कुणीतरी लागते. हे मला कळायला चार वर्षं लागली. ती कशी लागली ते सांगते.

१९९८ साल. भोसरीतल्या एका कारखान्याने जुळणीच्या लाइनसाठी पंचवीस मुली मागितल्या. बारीक काम, मुलींची बोटं चालतात म्हणून मुलीच हव्या. अट नेहमीचीच. तेवीस मिळाल्या, दोन कमी पडत होत्या. त्याच आठवड्यात भोरकडची एक मुलगी आली. बारावी झालेली, एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. नवरा हमाली करायचा आणि पाठीने अधू होऊन घरी बसलेला. मी तिला सांगितलं, ‘मंगळसूत्र पर्समध्ये ठेव आणि विचारलं तर नाही म्हण.’ मी हे फार सहज सांगितलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी गंमतही वाटली. आपण व्यवस्थेला कसं फसवतोय, असं. अभ्यासगटात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

ती लागली. काम चांगलं करत होती. पहिले सहा महिने ‘ट्रेनी’ म्हणून लावायची तिथली पद्धत होती. म्हणजे ईएसआयचं कार्ड नाही, फंड नाही. मी काही बोलले नाही, कारण ठेका नवीन होता. चौथ्या महिन्यात एका दुपारी सुपरवायझरचा फोन आला. आवाज चढलेला होता. ‘मॅडम, तुम्ही मॅरिड पाठवलीत. इथे लाइनवर प्रॉब्लेम झालाय. उद्या दुसरी पाठवा.’

तिला दिवस गेले होते. सांगायचं कुणाला? सांगितलं असतं तर लग्न लपवल्याचं उघड झालं असतं. आठ-आठ तास उभं राहून काम होतं. लाइन सोडून लघवीला जायला हात वर करून परवानगी लागायची. त्या दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. बाजूच्या मुलींनी ओढण्या गुंडाळून रिक्षात घातली. मूल गेलं.

आणि मी काय केलं? मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या बसने दुसरी मुलगी पाठवली. तीन महिने उलटून गेले होते, फुकट द्यायचं बंधनही माझ्यावर नव्हतं. तरी दिली. ठेका टिकवायचा होता.

पंधरा दिवसांनी तिची सासू आली. नऊवारीतली, हातात कापडी पिशवी. मला वाटलं आता ही मला शिव्या देणार. ती म्हणाली, ‘बाई, अकरा दिवसांचा पगार राहिलाय तिचा. तेवढा बघा.’ मी कारखान्यात फोन केला. ते म्हणाले, महिना पुरा केला नाही, ट्रेनी होती, नाही बसत. मी माझ्या खिशातून दिले. त्याबद्दल मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

गर्भपात झाला तर बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ही काही आजची तरतूद नाही, १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातली आहे. ऐंशी दिवस काम भरलेलं असलं की झालं, आणि तिचे भरलेले होते. तिला अकरा दिवसांचाच नव्हे, त्याशिवाय सहा आठवड्यांचा पगार येणं होता. मला हे माहीत नव्हतं. मी बायकांना नोकऱ्या देण्याचं दुकान चालवत होते, आठवड्याला अभ्यासगटात चर्चा करत होते आणि मला हे माहीत नव्हतं. पुढे दोन वर्षांनी एका वकील मैत्रिणीकडून कळलं. तोपर्यंत ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं. मी भोरला दोनदा जाऊन आले. पत्ता लागला नाही.

त्याच वर्षी आम्ही पेन्सिल बंद केली. मुलींकडून फी घेणंही बंद केलं. आणि एक वही घातली. कुणी ‘लग्न झालेली नको’ म्हटलं की तारीख, वेळ आणि त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि सांगायचं, आम्ही अशी निवड करून देत नाही. आम्ही तिला नकाराची वही म्हणायचो. पहिल्या वर्षात निम्मी कामं गेली. माझ्या मैत्रिणीचं मत असं की आपण नाही म्हटलं तर दुसरा ब्यूरो देतोच. मग ज्या बावीस अविवाहित मुलींना नोकरी लागली असती त्यांचं काय? या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. आम्ही पाच वर्षं भांडत भांडत ब्यूरो चालवला आणि २००३मध्ये ती वेगळी झाली. तिचं फार चांगलं चाललं. आमचं बोलणं आहे, दिवाळीला जाणं-येणंही आहे, पण धंद्याबद्दल आम्ही बोलत नाही.

तुम्हाला वाटेल हे जुनं झालं. जून २०२४मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तमिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या कारखान्याबद्दल बातमी दिली. तिथे आयफोनची जुळणी होते. लग्न झालेल्या बायकांना तिथे लाइनवर घेत नाहीत, असं त्या बातमीत होतं. कंपनीने नाकारलं. केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागितला. मी ती बातमी दोनदा वाचली, कारण त्यात माझे धंदेभाऊ होते. मुली आणून देणारे, जाहिराती काढणारे एजंट. पुढे त्याच वृत्तसंस्थेने लिहिलं की कंपनीने एजंटांना जाहिरातीतून वय, लिंग, लग्न या अटी काढायला सांगितलं. जाहिरातीतून काढलं. फोनवरून काढलं की नाही, ते तिथल्या मुकादमालाच विचारावं लागेल.

२००५ पासून मी घरी रुग्ण सांभाळायला, म्हाताऱ्यांजवळ राहायला आणि स्वयंपाकाला बायका द्यायला लागले. ऑफिसपेक्षा हे काम सोपं असेल अशी माझी समजूत होती, कारण तिथे फोन करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. आपल्यासारख्याच शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. पहिल्या महिन्यातच वहीची दहा पानं भरली. ‘आमच्यातलीच द्या.’ ‘नाव सांगू नका, आडनाव सांगा.’ ‘देवाचं असतं हो घरात, तुम्हाला कळलंच असेल.’ एक प्राध्यापक बाई तर म्हणाल्या, ‘मी काही मानत नाही, पण सासूबाई आहेत ना.’ २०१७ साली पुण्यात एका उच्चपदस्थ बाईंनी सोवळं मोडलं, जात लपवून स्वयंपाकाला राहिली, म्हणून स्वयंपाकाच्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती, ते तुम्हाला आठवत असेल. संघटना रस्त्यावर आल्या आणि तक्रार मागे घेतली गेली. त्या दिवसांत माझ्याकडे जे फोन आले त्यांत निषेधाचे दोन होते आणि ‘तुम्ही नीट चौकशी करूनच देता ना?’ असे कितीतरी. ते मी मोजायचं सोडून दिलं.

वस्तीतल्या बायका यावर काय करतात ते मला त्यांनीच सांगितलं. नाव बदलतात. एका घरी मंगल, दुसऱ्या घरी मनीषा. मी पूर्वी एकीला मंगळसूत्र काढायला सांगितलं होतं, आता या आपणहून आडनाव काढून ठेवतात. मी त्यांना ‘असं करू नका’ म्हणू शकत नाही. ‘करा’ म्हणण्याचीही माझी आता हिंमत नाही. मी एवढंच केलंय की माझ्या कार्डावर आडनाव छापत नाही. पहिलं नाव, फोटो आणि कामाचा अनुभव. ज्याला आडनाव पाहिजे त्याने दुसरीकडे जावं.

याच काळात मोलकरणींच्या संघटनेतल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. पुण्यात १९८०पासून ही संघटना आहे आणि बायकांनी संप करून पगारवाढ मिळवली आहे. मावशींनी खुर्चीत बसून चहा घेतला आणि विचारलं, ‘तू बायकांना काम देतीस, बरं करतीस. पण आम्ही चारजणी मिळून पगार वाढवा म्हणलो तर तू कुणाकडनं?’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडून.’ त्या म्हणाल्या, ‘आन् मग त्या घरी पाचवी कोण पाठवनार?’

मला काही बोलता आलं नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचताना मला या प्रश्नाचं मूळ सापडलं. गिरणीत भरती जॉबरच्या हातात असायची आणि ज्या खात्यांत बायका जास्त, रिळं आणि वाइंडिंगच्या, तिथे बाई जॉबर असे. तिला नायकीण म्हणत. तीही कामगारांतूनच वर आलेली. कामावर लावायला दस्तुरी घ्यायची, उधार द्यायची, बाळंतपणाला धावूनही जायची आणि मालकाने सांगितलं की काढूनही टाकायची. १९३१च्या शाही मजूर आयोगाने भरती या जॉबरांच्या हातातून काढून घ्या असं सांगितलं होतं. आज बीड-नगरकडे ऊसतोडीचा मुकादम उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतो. हिशेब नवऱ्याच्या नावावर. त्या मुकादमाला आपण शिव्या देतो आणि बरोबरच देतो. पण नायकीण मला जास्त जवळची वाटते, कारण ती वाईट नसायची. बायकांना ती ‘आपली’ वाटायची. मीही वाटते. म्हणून तर सासूबाई शिव्या न देता पिशवी घेऊन बसल्या.

मावशींच्या प्रश्नावर मी एक केलं. माझ्या कार्डाच्या मागे अट छापली : कामाचे तास किंवा पगार यावरून बाईने काम थांबवलं असेल तर त्या घरी तीस दिवस आम्ही दुसरी बाई देणार नाही. मावशी म्हणाल्या, ‘तीस कमी हायेत.’ आता पंचेचाळीस आहेत. याने फार मोठं काही झालेलं नाही. दुसरे ब्यूरो आहेत आणि आता तर मोबाइलवर बोट दाबलं की बाई दारात येते. तिथे आडनाव विचारत नाहीत, पण तारे देतात आणि तारे कमी झाले की कामच येत नाही. तक्रार कुणाकडे करायची, तर तिथे नायकीणही नाही.

तुमच्यापैकी ज्या ठेक्यावरच्या बायकांत काम करतात त्यांना दोन-तीन गोष्टी आतल्या म्हणून सांगते. एक, ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७०च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रम संहितांतही आहे. ठेकेदार पळून गेला म्हणून रडत बसू नका, गेटवर जा. दुसरं बाळंतपणाचं. २०१७मध्ये रजा सव्वीस आठवडे झाली तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच आठवड्यात मला तीन कंपन्यांनी लग्न झालेल्या पाठवू नका म्हणून सांगितलं, कारण पैसे मालकाने द्यायचे. पण ज्या बाईचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे आणि जिचा ईएसआय भरलेला आहे, तिच्या बाळंतपणाचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून एक रुपया जात नाही. किती मालकांना हे माहीत नसतं! मी एचआरवाल्यांसमोर कागद ठेवते तेव्हा ते चकित होतात. म्हणून बाईला पहिल्या दिवशी विचारा, ईएसआयचा नंबर मिळाला का. ‘ट्रेनी आहे’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. माझ्यासारखं पुढे जाऊ नका.

आणि अकरा महिन्यांचा खेळ तुम्हाला माहीतच आहे. अकरा महिने झाले की कामावरून कमी करायचं, पंधरा दिवसांनी नव्या नावाने पुन्हा घ्यायचं. हा खेळ माझ्या ब्यूरोतही २०११पर्यंत चालला. हेही सांगून टाकलं.

आज माझ्या हजेरीपटावर नव्वद बायका आहेत. त्यांचे पगार सात तारखेला होतात. २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी फाटकं बंद केली तेव्हा तीन महिने झाले नाहीत. मी निम्मे दिले, त्यापुढे माझ्याकडे नव्हते. घरेलू कामगार मंडळाकडून २०२१मध्ये दीड हजार रुपये आले ते नोंदणी झालेल्यांना. माझ्या ब्यूरोच्या साठ बायकांतल्या सात जणींची नोंदणी होती. ती करून देणं माझंच काम होतं. २००८चा कायदा, मंडळ २०११ला झालं, मधे इतकी वर्षं गेली. आता सगळ्यांची केली आहे.

वह्यांबद्दल सांगून थांबते. १९९८पासून तीन वह्या भरल्या. त्या मी आज बरोबर आणल्या आहेत, त्या टेबलावर आहेत. कारखाने आहेत, दवाखाने आहेत, शाळा आहेत, तुमच्या-माझ्या ओळखीच्या घरांतले फोनही आहेत. माझ्या मुलीचं म्हणणं, हे बाहेर गेलं तर महिनाभरात ब्यूरो बंद पडेल आणि नव्वद बायकांचं काय. तिचंही खरं आहे. माझी मैत्रीण हाच हिशेब बावीस मुलींचा मांडायची. मी रात्रभर बसून कंपन्यांच्या आणि माणसांच्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. खालचे शब्द आणि तारखा उघड्या आहेत. ते उतरवून घ्या, छापा, कामगार आयुक्तांकडे न्या, काय करायचं ते तुम्ही ठरवा. पट्ट्या साध्या खळीने लावल्या आहेत, ओढल्या तर निघतील. त्या काढायच्या की नाही यावर दुपारच्या सत्रात तुमच्यात चर्चा व्हावी असं मला वाटतं. मी त्या वेळी बाहेर बसेन. एकच विनंती, पहिल्या वहीतलं पहिलं पान फाडलेलं नाही, तिथे एका मुलीचं भोरचं नाव-गाव आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला काम करत असेल तर तिने जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.